जांभूळ गटातले चार उंदीर

साधना मोघेचा एम.फिल.चा प्रबंध आजवर एकूण चार माणसांनी वाचला. पहिले तिचे मार्गदर्शक सर. त्यांनी तो वाचला असं आपण धरून चालू. दुसरे बाहेरगावचे परीक्षक, त्यांनी तोंडी परीक्षेच्या दिवशी चहा पिता पिता चाळला. तिसरा टायपिस्ट, त्या बिचाऱ्याला वाचल्याशिवाय गत्यंतरच नव्हतं. चौथा तिचा नवरा. पण त्याने वाचला तो पंचवीस वर्षांनी, सिंगापुरात, सेंगकांगच्या फ्लॅटमधल्या जेवणाच्या टेबलावर बसून. आणि वाचला तो असातसा नाही, बोटीवरची यंत्रांची पुस्तकं वाचतात तसा, ओळीवर बोट ठेवून.

निशिकांत मोघे तेलवाहू बोटीवर चीफ इंजिनिअर होता. चार महिने बोटीवर, तीन महिने घरी, असा त्याचा उभा जन्म गेला होता. दर खेपेला बोटीवर चढण्याआधी कंपनीच्या डॉक्टरकडून फिटनेसचा कागद घ्यावा लागतो. त्या वर्षी तो सुट्टी लागल्या लागल्याच गेला. डॉक्टरीणबाईंनी कागद पुढे केला, पण लगेच हातात दिला नाही. तीन महिन्यांची सरासरी साखर नऊ टक्क्यांच्या वर गेली आहे, गोळ्या वाढवते, पुढच्या वेळी खाली आली नाही तर इन्सुलिन सुरू करावं लागेल, असं त्यांनी सांगितलं. शिवाय डोळ्यांच्या पडद्याला आताच थोडा धक्का लागलेला दिसतोय. साखर अशीच राहिली तर आधी डोळे जातील, हेही सांगितलं. इन्सुलिनवर असलेल्या माणसाला कंपनी बोटीवर पाठवत नाही हे निशिकांतला पक्कं ठाऊक होतं. त्यामुळे त्याने बोटीचं तेवढं ऐकलं आणि डोळ्यांचं कानाआड केलं.

बोटीशिवाय या माणसाला दुसरं काही येत नव्हतं, हे इथेच सांगून टाकलेलं बरं. घरी आल्यावर पहिले चार दिवस मजेत जायचे. पाचव्या दिवशी तो फ्रिजला कान लावून उभा दिसायचा. मग घरातला एकेक नळ उघडून वायसर बदलणं सुरू व्हायचं. किनाऱ्यावर ऑफिसात बसणाऱ्या इंजिनिअरांना तो 'पंख्याखालचे' म्हणायचा आणि तोंड वाकडं करायचा. कंपनीच्या हार्बरफ्रंटच्या ऑफिसात त्याला दोनदा खुर्ची देऊ केली होती, दोन्ही वेळा त्याने पाठ फिरवली. पंचावन्न वर्षांच्या त्या माणसाला खुर्चीची भीती वाटायची आणि ती तो लपवायचाही नाही.

त्या दुपारी क्लिनिकमधून आल्यावर तो थेट बॉम्ब शेल्टरमध्ये गेला. इथल्या फ्लॅटमध्ये सरकार एक जाड दाराची खोली बांधून देतं, युद्ध झालं तर लपायला. लोक तिच्यात सुटकेसा आणि गणपतीची मखरं ठेवतात. तिथून त्याने काळ्या रेक्झिनचा प्रबंध शोधून काढला. विषय होता जांभळाच्या बिया, मेथी आणि कारल्यातली वनस्पतिज द्रव्यं आणि त्यांचा मधुमेही उंदरांवर होणारा परिणाम. लग्नाच्या वेळी सासऱ्यांनी हा विषय मोठ्या कौतुकाने सांगितला होता, तेवढीच त्याची त्याला ओळख होती.

दोन दिवस तो वाचत बसला. साधना स्वयंपाकघरातून येता-जाता बघत होती आणि तिला काय वाटत होतं ते सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यातूनच घडलं. तिला आनंद झाला होता. लाज वाटावी इतका आनंद.

साधना पुण्याची. बायोकेमिस्ट्रीत एम.एस्सी., मग एम.फिल., पुढे पीएच.डी. करायची होती आणि ती झाली असतीही. दोन वर्षं तिने कॉलेजच्या मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये उंदरांच्या पिंजऱ्यांसमोर काढली. बिया वाळवायच्या, दळायच्या, अर्क काढायचा, नळीने उंदरांच्या तोंडात घालायचा, शेपटीतून थेंबभर रक्त घ्यायचं, वहीत लिहायचं. केसांना तो वास इतका बसला होता की आई तिला अंघोळ केल्याशिवाय देवघरात येऊ देत नसे. मग लग्न झालं, मग सिंगापूर. इथे आल्यावर तिने प्रयोगशाळांना अर्ज केले, कुठे सिंगापूरचा अनुभव नाही म्हणून नकार, कुठे काही उत्तरच नाही. गार्गी झाली. पुढे एका बालवाडीत दहा वर्षं मुलांची नाकं पुसली. इथल्या मराठी मंडळाच्या कार्यक्रमांत तिची ओळख 'मोघ्यांच्या मिसेस' एवढीच होत असे आणि पुढचा प्रश्न असायचा, निशिकांत सध्या कुठे, गल्फला का? आपण एके काळी कोण होतो, हे ती स्वतःही विसरत चालली होती. अशा बाईच्या प्रबंधाची पानं कोणीतरी मन लावून उलटत होतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी निशिकांतने चष्मा काढून टेबलावर ठेवला. "साधना, जांभूळ गटाची साखर एकवीस दिवसांत एक तृतीयांशाने उतरली. बरोबर?"

"बरोबर," ती म्हणाली.

"म्हणजे फरक पडतो."

"पडला होता," साधना म्हणाली.

आता ते उंदीर. जांभूळ गटात सहा उंदीर होते. सहाही जणांना सुई देऊन मधुमेही केलं होतं आणि सहाही जणांना रोज अर्क पाजला जात होता. नवव्या दिवशी सकाळी ती शेडमध्ये गेली तर दोन मरून पडले होते. ज्यांची साखर सगळ्यांत जास्त होती, तेच दोन. ती रडवेली होऊन सरांकडे गेली. सर म्हणाले, "मेलेल्याची साखर कशी मोजणार तू? सोडून दे. उरलेल्या चारांची सरासरी काढ." तिने काढली आणि आकडा धाडकन खाली आला. उरलेल्या चौघांची साखर होती तिथेच होती. सर्वांत आजारी दोघे मेले म्हणून सरासरी सुधारली होती. तिला ते तेव्हाच कळलं होतं. निदान खाली एक टीप टाकू का, असं तिने विचारलंही होतं. सर म्हणाले, टीप कशाला, परीक्षकांना उगाच प्रश्न पडतात. तेवीस-चोवीस वर्षांच्या मुलीने सरांपुढे किती बोलायचं? तक्ता तसाच टाइप झाला.

तेव्हाचं एक वेळ सोडून देऊ. पण आता ती एकोणपन्नास वर्षांची होती, समोर सर नव्हते, नवरा होता, आणि प्रश्न त्याच्या डोळ्यांचा होता. तरी ती 'पडला होता' म्हणाली आणि चहा गाळायला आत गेली.

पुढचे तीन महिने त्या घरात जी गडबड उडाली, तिला सुखच म्हणावं लागेल. पुण्याहून येणाऱ्या प्रत्येकाला फोन जायचा की बॅगेत दोन किलोची जागा आहे का. जांभळाच्या बियांच्या पुरचुंड्या लोकांच्या सुटकेसांतून येऊ लागल्या. कारल्यांसाठी ती एमआरटीने लिटल इंडियाला जायची, कारण सेंगकांगच्या बाजारात मिळतात ती चिनी कारली, पोपटी, गुळगुळीत आणि चवीला अगदीच मवाळ. तिला काळपट हिरवी, काटेरी, जिभेला झोंबणारी पाहिजे होती. कडूपणा जाईल तर द्रव्यं जातील, असं ती गार्गीला समजावून सांगायची. "ओके लाह, आई, जस्ट डोन्ट पुट इन माय टिफिन," गार्गी इथल्या मुलांच्या बोलीत म्हणायची. ती तेव्हा युनिव्हर्सिटीच्या पहिल्या वर्षाला होती.

निशिकांतला या सगळ्यात काहीही विचित्र वाटलं नाही. बोटीवर रोज नमुना घेऊन बॉयलरच्या पाण्यात रसायनांच्या पुड्या टाकतात. आज अमुक कमी, उद्या तमुक जास्त, आणि सगळं वहीत. तशीच त्याने स्वतःची वही सुरू केली. सकाळी जांभूळ-मेथी-कारल्याच्या पावडरीचा एक चमचा, रात्री एक चमचा, पुढे साखरेचा आकडा. गोळ्याही चालू होत्या. कॉफीशॉपमध्ये तो कोपी-ओ कोसोंग प्यायला लागला, म्हणजे दूध नाही, साखर नाही, नुसतं काळं पाणी. भात अर्ध्यावर आला. रोज संध्याकाळी तो नदीकाठाने तासभर चालायचा. तीन महिन्यांनी सरासरी नऊवरून सात पूर्णांक चारवर आली. डॉक्टरीणबाईंनी गोळ्यांचं आणि चालण्याचं कौतुक केलं. निशिकांत बाहेर येऊन बायकोला म्हणाला, "तुझ्या पावडरीने काम केलं." साधनाला कारण कोणतं ते माहीत होतं. तिला ते मोजता आलं असतं, शिकलेली होती ती. पण त्या क्षणी तिने स्वतःशीही मोजलं नाही.

गणपतीत मंडळाने तिचं भाषण ठेवलं. कम्युनिटी क्लबचा हॉल, पन्नास-साठ माणसं, गार्गीने करून दिलेल्या स्लाइड्स, आणि निवेदिकेने पहिल्यांदाच 'संशोधिका साधना मोघे' असं म्हटलेलं. साधना त्या दिवशी फार छान बोलली. आवाज कापला नाही. जांभूळ गटाचा तक्ता पडद्यावर आला तेव्हा लोकांनी भराभर फोन वर करून फोटो काढले. मग ती म्हणाली, "तुम्ही जी मेटफॉर्मिनची गोळी घेता ना, तिचं मूळसुद्धा एका रानझुडपात आहे. युरोपात होतं ते झुडूप." हे खरं आहे. त्यापुढे तिला म्हणायचं होतं की त्या झुडपापासून गोळीपर्यंत यायला माणसं पिढ्यान्‌पिढ्या राबली, विषारी भाग बाजूला काढला, मात्रा ठरवली, हजारो माणसांवर तपासली, तेव्हा कुठे ती गोळी झाली, आणि म्हणून ती सोडायची नाही. पण झुडूप म्हटल्याबरोबर टाळ्यांचा कडकडाट झाला. टाळ्या ओसरल्यावर तिने पुढची स्लाइड लावली. राहिलेलं वाक्य राहिलंच. टाळ्या वाजत असताना कोणाला आठवतंय पुढचं?

निशिकांत बोटीवर चढला तो चार मोठ्या बरण्या घेऊन. दोनेक आठवड्यांनी त्याचा फोन आला, आवाज अगदी खुशीत.

"गोळ्या बंद केल्या."

साधना ओट्याशी उभी होती, तिने गॅस बारीक केला. "का?"

"अगं, तूच म्हणालीस ना, दोन्ही झाडंच. एक पंप चालू, एक स्टँडबाय. दोन्ही पंप एकदम कोणी चालवतं का? गोळ्या ठेवल्यात बाजूला, लागल्या तर आहेत." मग मागे कोणाकडे तरी वळून त्याचं बोलणं ऐकू आलं, "माय वाइफ. शी इज अ सायंटिस्ट, यू नो."

तिने विचारलं, "साखर किती येते?"

"एकशे अडतीस."

"रोज मोजत जा," ती म्हणाली.

एवढंच ती म्हणाली. गोळ्या चालू कर, असं म्हणायला तिला किती वेळ लागला असता? पण ते म्हटलं की 'का' आलं असतं, 'का'च्या मागून ते दोन उंदीर आले असते, आणि त्यांच्यामागून तिची सगळी दोन वर्षं, गणपतीतलं भाषण, सायंटिस्ट, सगळं मातीत गेलं असतं. तिने मनाची समजूत घातली की तो रोज मोजतोय, वाढली तर कळेलच. निशिकांत खरंच रोज मोजत होता. पण बॉयलरचा नमुना ठरल्या वेळी घेतात तशी तो साखरही रोज पहाटे उपाशीपोटीच बघायचा. जेवणानंतर ती कुठे पोचते ते त्याने कधी पाहिलंच नाही. पुढच्या महिन्यात तो दीडशे म्हणाला, जागरण होतंय म्हणाला. त्यानंतर त्याने आकडा सांगणं सोडलं आणि साधनाने विचारणं सोडलं. नवरा-बायकोत असा करार कधी तोंडाने करावा लागत नाही.

तिसऱ्या महिन्यात त्याच्या उजव्या डोळ्यासमोर काजळीचे कण तरंगायला लागले. इंजिनरूममध्ये काजळीला काय तोटा? त्याने चष्मा पुसला. मग कण वाढले, मग डोळ्याच्या कडेने काहीतरी खाली उतरत आल्यासारखं झालं. तो गेजवरचे आकडे थर्ड इंजिनिअरला वाचायला सांगू लागला आणि वर त्यालाच दरडावू लागला की मोठ्याने वाच. घरी त्याने यातलं अवाक्षर कळवलं नाही. कळवलं असतं तर बोट मध्येच सोडावी लागली असती.

बोट सिंगापूरला आली तेव्हा तो लाँचमधून धक्क्यावर उतरला आणि पायरी चुकला. साधनाला वाटलं, दमलाय. दुसऱ्या दिवशी जेवताना त्याने पेल्यात पाणी ओतलं ते सगळं टेबलावर सांडलं आणि तो ओततच राहिला.

"बाबा," गार्गी म्हणाली, "यू कान्ट सी द ग्लास?" मग आईकडे वळली. "आई, ही कान्ट सी लाह. हाऊ कम यू नेव्हर नोटिस?"

पुढचं पटकन सांगतो, कारण ते सांगायला मलाच जड जातं. सरासरी साखर बाराला टेकली होती. उजवा डोळा आतून रक्ताने भरला होता, पडदा सुटून आला होता. दोन ऑपरेशनं झाली. आता त्या डोळ्याला दिवा लागलाय की नाही एवढंच कळतं. डाव्यावर लेझर झालं, इंजेक्शनं झाली, त्याने माणसाची आकृती दिसते, चेहरा दिसत नाही. वाचता येत नाही. इन्सुलिन अर्थातच सुरू झालं, आणि बोटीचं तर आता कोणी नावही काढत नव्हतं.

दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं होतं, "गोळ्या नियमित होत्या का? बाहेरचं काही औषध, काढा, पावडर?"

"नो, डॉक्टर. नथिंग," निशिकांत म्हणाला. साधना त्याच्या शेजारी बसली होती. टेबलाखाली त्याने तिचा हात दाबला, गप्प बस म्हणून. ती गप्प बसली. नंतर त्याच डॉक्टरांना एकटं गाठून तिने विचारलं की गोळ्या चालू असत्या तर डोळे वाचले असते का. ते भले माणूस होते. म्हणाले, सांगता येत नाही. पडद्याला आधीपासून धक्का होता. कदाचित वाचले असते, कदाचित थोडं उशिरा गेले असते. तिला एकदाच काय ते 'हो, तुझ्यामुळे' असं ऐकायचं होतं. तेही मिळालं नाही. लिफ्टमधून खाली येताना तिला वाटलं, आता आयुष्यभर हे 'कदाचित' उशाशी घेऊन झोपायचं.

घरी निशिकांत सोफ्यावर बसून असायचा. तो रागावला असता तर बरं झालं असतं. आदळआपट केली असती, तिच्या प्रबंधाच्या चिंधड्या केल्या असत्या, तर तिलाही मोकळं रडता आलं असतं. तो रागावला नाही. उलट इन्सुलिनची सुई टोचून झाली की शांतपणे हात पुढे करायचा, "पावडर." तिने एकदा धीर करून सांगितलं की आता नको. तो म्हणाला, "डोस चुकला माझा. बोटीवर उष्णता, घाम, मी दुप्पट घ्यायला हवी होती." त्याने मनात सगळा हिशेब मांडून ठेवला होता आणि त्या हिशेबात पावडर बरोबर होती. ती चूक ठरली असती तर त्याचे डोळे उगाचच गेले असते. तेवढं सोसायची ताकद त्याच्यात उरली नव्हती. एका सकाळी साधनाने उरलेल्या दोन बरण्या स्वयंपाकघरातल्या कचरा खाली टाकायच्या शूटमध्ये रिकाम्या केल्या आणि त्याला सांगितलं की संपली.

त्यानंतर आठेक दिवसांनी मीनल आली. मीनल त्यांच्याच ब्लॉकमध्ये चौथ्या मजल्यावर राहायची. तिचा नवरा प्रकाश जुरोंग आयलंडवर इंजिनिअर, चाळिशीतला, दोन वर्षांपूर्वी साखर निघालेला. भाषणाच्या दिवशी पहिल्या रांगेत बसून लिहून घेणारी ती हीच. निशिकांतसाठी तिने बिनसाखरेचा ढोकळा आणला होता. तो देऊन झाल्यावर इकडचं तिकडचं बोलून ती मुद्द्यावर आली.

"साधनाताई, एक बरणी मिळेल का हो? भाषणानंतर तुम्ही दिलीत ती संपली. ह्यांना इतका गुण आलाय, गोळी सोडली दीड महिना झाला."

साधना उभी होती ती खाली बसली. "सोडली?"

"तुम्हीच म्हणालात ना, मुळात झुडूपच ते."

मग साधना बोलली. पंचवीस वर्षं उशिरा, पण बोलली, काही राखून न ठेवता. सहा उंदीर, नववा दिवस, मेलेले दोन, सरांची सरासरी, ते झाकून ठेवणं, सगळं. निशिकांत बोटीवरून गोळ्या सोडल्या म्हणाला तेव्हा आपण गप्प बसलो, तेही. शेवटी तिने मीनलचा हात धरला. "आज घरी जा आणि प्रकाशला गोळी चालू करायला सांग. पाया पडते तुझ्या. डोळे जातात गं. आधी कळत नाही, आणि मग जातात."

मीनल अवघडून गेली. तिने हळूच हात सोडवून घेतला आणि सोफ्याकडे पाहिलं, निशिकांतकडे.

निशिकांत सगळं ऐकत होता. हे उंदीर त्यालाही आजच कळत होते. साधनाला वाटलं, आता तरी हा फुटेल.

"मीनल, तिचं मनावर घेऊ नकोस," तो म्हणाला. "माझं असं झाल्यापासून तिने स्वतःला फार लावून घेतलंय. पावडर उत्तम आहे. माझा डोस चुकला, दुसरं काही नाही."

"मी तेच म्हणणार होते, भाऊजी," मीनल म्हणाली, आणि तिच्या चेहऱ्यावर सुटका झाल्याचं स्पष्ट दिसलं. "ताई, तुम्ही जरा विश्रांती घ्या बघू. बरणी नसू दे. तुमच्या स्लाइडचा फोटो आहे माझ्याकडे, त्यात प्रमाण सगळं दिलंय. मी घरीच करीन. आमच्या ग्रुपमधल्या चौघी करतात आता." ढोकळ्याचा डबा सावकाश परत करा, असं सांगून ती गेली.

दार लागल्यावर साधना नवऱ्यासमोर येऊन उभी राहिली. "असं का बोललास तू? प्रकाशचे डोळे जातील, निशी."

"लोक तुला मानायला लागलेत," तो म्हणाला. "एवढ्या वर्षांनी. ते मी माझ्या तोंडाने मोडू?"

"मी मोडतेय ना! मीच सांगतेय ना, खोटं आहे म्हणून!"

"खोटं नाही ते." तो इतक्या समजुतीने बोलला की तिला त्याचे खांदे धरून गदगदा हलवावंसं वाटलं. "मी स्वतः वाचलंय."

तिने फोन उचलला आणि मंडळाच्या ग्रुपवर लिहायला बसली. लिहायला तिला अर्धा तास लागला. सुरुवातीला तिने माफी मागितली, मग उंदरांचं लिहिलं, मग निशिकांतचं, आणि शेवटी ठळक अक्षरांत, की कोणीही गोळ्या बंद करू नका, केल्या असतील तर आज डॉक्टरकडे जा. पाठवून तिने फोन टेबलावर ठेवला.

"काय लिहिलंस?" निशिकांतने विचारलं. तिने त्याला पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचून दाखवलं. त्याने मध्ये कुठेही अडवलं नाही.

"आलं का काही उत्तर?"

उत्तरं आली होती. अकरा जणांनी हात जोडले होते. दोघांनी लाल हृदय पाठवलं होतं. एकाने लिहिलं होतं, ताई, खचून जाऊ नका, आम्ही तुमच्या पाठीशी आहोत. मंडळाच्या अध्यक्षांनी निशिकांतला लवकर बरं वाटो म्हणून गणपतीचं चित्र टाकलं होतं. एकाही माणसाने उंदरांचं काही विचारलं नव्हतं. सगळ्यांच्या खाली मीनलचा प्रश्न होता.

साधनाने तोही वाचून दाखवला. आवाजात आता काही उरलं नव्हतं. "मीनल विचारतेय. मेथी भाजून घालायची की कच्ची?"

"भाजून," निशिकांत म्हणाला. "कच्ची पोटाला बाधते. सांग तिला."